घर खाली आहे

१

जलाशयाचा तळ मोजणं म्हणजे पाण्यात नांगर चालवणं. या काठावरच्या खांबापासून समोरच्या खांबापर्यंत होडी सरळ रेषेत न्यायची, तिथे वळायचं आणि शेजारच्या रेषेने परत यायचं. पीक काही येत नाही. येतो तो गाळ, आणि तोही दर वर्षी थोडा जास्त. मोजणीदाराने या नांगरणीत केस पांढरे केले होते. कुणी विचारलंच, की काय काम करता, तर तो म्हणायचा, "पाण्याखाली किती चिखल आहे ते सांगतो." यावर सहसा कुणी पुढचा प्रश्न विचारत नसे.

होडी चालवणाऱ्याला सगळे बूच म्हणत. अंगाने आखूड आणि गोल. शिवाय आजवर जितक्या वेळा पाण्यात पडला तितक्या वेळा आपोआप वर आला होता. खोली मोजायच्या यंत्राला साहेबलोक सोनार म्हणतात हे कळल्यापासून बुचाला त्या यंत्राचा राग होता. "नाव सोनार," तो म्हणायचा, "आणि इतक्या वर्षांत एक गुंज सोनं दाखवलं नाही."

जलाशय नकाशावर वाळत घातलेल्या विजारीसारखा दिसतो. दोन नद्या आहेत. एक डोंगरातून घाईघाईने येते आणि लाल माती आणते, दुसरी सपाटीवरून रेंगाळत येते आणि काळी. दोघींचा संगम जिथे होता तिथे एक गिरणीचं गाव होतं. पुढे खिंडीत धरणाची भिंत उभी राहिली आणि पाणी दोन्ही खोऱ्यांतून मागे मागे फुगत गेलं. खाणीच्या टेकडीचं बेट झालं. पूल बुडाला. गिरणीची चिमणी मात्र कडक उन्हाळ्यात हातभर डोकं वर काढते. दूरच्या शहराच्या नळाला पाणी यावं म्हणून गावाच्या नाकातोंडात पाणी गेलं, असं जुनी माणसं म्हणायची. ती माणसं मग वरच्या उतारावर येऊन राहिली, आणि तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात दोनच गावं उरली. खालचं आणि वरचं.

त्या दिवशी होडी खालच्या गावावरूनच चालली होती. ही रेघ मोजणीदाराला तोंडपाठ होती. पडद्यावर गाळाची जाड गोधडी दिसायची आणि तिच्यात पुरलेल्या भिंतींचे बारीक उंचवटे. दर वर्षी गोधडी जाड व्हायची, उंचवटे बसके व्हायचे. एक दिवस सगळं सपाट होणार होतं आणि त्यात कुणाचं काही अडत नव्हतं.

पुलाच्या आणि चिमणीच्या मधे पडद्यावरची रेघ अचानक खाली गेली. सरळ खाली, काटकोनात. थोडा वेळ ती तळाशी सपाट चालली आणि तशीच काटकोनात वर आली.

"थांब," मोजणीदार म्हणाला. "मागे घे."

परत तेच. आडव्या दिशेने होडी नेली, तरी तेच. भोवती दोन पुरुष उंचीचा गाळ, आणि मधे एक चौकोन, ज्यात गाळाचा कण नाही. जुनी जमीन, कडक, सपाट. यंत्राने तिथला आवाज असा लख्ख परत दिला होता, की दगडी फरशीच असावी.

मोजणीदार डोकं खाजवत बसला. खालून एखादा झरा फुटला असेल तर गाळ उडून जातो. पण झरा खड्डा करतो, चौकोन करत नाही. माशांचा थवा असेल तर तो वर दिसतो, खाली नाही. यंत्र बिघडलं असेल तर ते फक्त याच जागी का बिघडावं? मागच्या वर्षीची मोजणी दुसऱ्याने केली होती, त्याने ही जागा दिसूनही गाळली असेल. आपणही तेच करावं असं त्याला एकदा वाटलं.

बुचाने मान पुढे काढून पडदा पाहिला. "कुणीतरी अंगण झाडून ठेवलंय," तो म्हणाला आणि हसला.

मोजणीदारही हसला, जरा उशिराने.

२

घरी आई होती आणि बाकी घर जवळपास नव्हतं. धरणाची भिंत वाढवायची ठरली होती, म्हणजे पाणीही वाढणार, म्हणजे वरच्या गावातली सगळ्यात खालची गल्ली जाणार. मोजणीदाराचं घर नेमकं त्या गल्लीत. ज्या जलाशयाचा चिखल मोजण्यात हयात गेली तोच आता दारात येणार होता. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, इथे मासाच घरात यायला निघाला होता. बायको सामान घेऊन नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, आधीच राहायला गेली होती. गल्लीतली इतर बिऱ्हाडंही गेली होती. राहिली ती आई, एक पलंग, दोन खुर्च्या आणि चहापुरती भांडी. आईसाठी मोजणीदारही मागे राहिला होता.

"आई, शुक्रवारी गाडी येईल. तुला जायचंय."

"मी जाईन रे. पण आधी विचारायला येतील ना?"

"कोण?"

"कोण म्हणजे? घर घेणारे. मागेही आले होते. मी दारात हवी. या खेपेला मी नीट सांगणार आहे."

पन्नाशी उलटलेल्या मुलाला ही बाई अजून बाळ म्हणायची आणि कांदा कुठे ठेवला ते विसरायची. त्यामुळे तिच्या बोलण्यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं हा रोजचा हिशेब होता. मोजणीदाराने हेही सोडून दिलं.

सकाळी तो खुर्चीवर बसून चहा पीत होता. समोर पलंगावर आई शेंगा सोलत होती.

"पाय वर घे," आई म्हणाली.

त्याने पाय वर घेतले. लहानपणापासूनची सवय. केर काढताना ती असंच म्हणायची आणि तो न बघता पाय उचलायचा. पाय हवेत धरून चहाचे दोन घोट घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आई तर शेंगा सोलते आहे. तिच्या हातात झाडू नाही. तिचे गुडघे वाकत नाहीत म्हणून तिने झाडणं सोडूनही कितीतरी दिवस झाले होते.

त्याने पाय खाली ठेवले. जमीन स्वच्छ होती. उघड्या दारातून अंगण दिसत होतं, तेही स्वच्छ. शेजारच्या ओसाड अंगणात पाचोळ्याचे ढीग पडलेले, आणि त्याच्या अंगणात एक पान नाही.

"आई, अंगण कुणी झाडलं?"

"झाडायचं राहतं का कुठे?" आई म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

घरात झाडू होता का, हे तो आठवू लागला. बायकोने सामानाबरोबर नेला होता असं त्याला वाटलं. फोन करून तिला विचारलं तर ती म्हणाली, "झाडू? दोन्ही इथे आणलेत. का, एकाएकी स्वच्छतेचा पुळका आला का?"

त्याने काहीतरी बोलून फोन ठेवला. वारा असेल. वारा कधी कधी एकाच बाजूला पाचोळा लोटतो. हे खरंच आहे, असं त्याने स्वतःला बजावलं आणि कामावर निघाला.

३

"यंत्र खोटं बोलतं, दोरी नाही," असं बुचाचं म्हणणं होतं. मोजणीदारालाही ते पटलं. यंत्रं आली त्याच्या आधी खोली मोजायला दोरी होती. दोरीवर खुणांच्या गाठी, टोकाला शिशाचं जड वजन, आणि वजनाच्या बुडाशी एक खळगा. त्यात मेण भरायचं. वजन तळाला टेकलं की मेणाला तिथली माती चिकटते, आणि वर ओढलं की खाली काय आहे ते हातात येतं. ही दोरी होडीत अजून होती, कारण तिने कधी बॅटरी मागितली नव्हती.

आधी त्यांनी चौकोनाच्या बाहेर वजन सोडलं. वर आलं ते मेणावर लाल-काळा मऊ गाळ घेऊन, जसा यायला हवा तसाच. मोजणीदाराला बरं वाटलं.

मग होडी चौकोनावर आणली. पाणी शांत होतं, ऊन चांगलं पडलेलं. बुचाने नांगर टाकला आणि मोजणीदाराने दोरी सोडली. गाठीमागून गाठ पाण्यात गेली. वजन टेकलं तसा हाताला स्पष्ट ठोका बसला. दगडावर बसतो तसा.

"खोली यंत्राएवढीच," तो म्हणाला. "म्हणजे खरंच..."

दोरी सैल पडली.

वजन टेकल्यावर दोरी थोडी सैल पडतेच. पण त्याने ती ताणून धरली होती. ती सैल पडण्याला एकच कारण होतं, वजन वर उचललं गेलं होतं. त्याच्या बोटांवरचा भार क्षणभर नाहीसा झाला. मग तो हळूच परत आला. दोरी पाण्यात जिथे उतरत होती तिथून वीतभर बाजूला सरकली होती. केर काढताना वाटेत आलेली वस्तू उचलून बाजूला ठेवावी, तसं.

मोजणीदाराने बुचाकडे पाहिलं. बूच दोरीकडेच पाहत होता.

"मासा असेल," बूच म्हणाला. "मोठा."

"मासा वजन उचलेल?"

"धक्का दिला असेल." मग जरा थांबून तो म्हणाला, "साहेब, वर घ्या ते. आज माझं पोट ठीक नाही."

मोजणीदाराने दोरी वर ओढली. वजन पाण्याबाहेर आलं. मेण स्वच्छ होतं, त्यावर गाळाचा डाग नव्हता. मधोमध एक काडी चिकटली होती. बारीक, पिवळट, बोटाएवढी. झाडूची काडी कुणाला ओळखायला शिकवावी लागत नाही.

त्याने ती मेणातून काढली. पाण्यातून आलेली काडी मऊ पडायला हवी, वाकायला हवी. त्याने बोटांत दाबली तर ती कट्कन मोडली. आतून कोरडी ठणठणीत.

"होडीतलीच असेल," मोजणीदार म्हणाला. "आधीपासून मेणात असेल."

"असेल," बूच म्हणाला. होडी पुसायला त्याच्याकडे फडकं होतं, झाडू नव्हता, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

४

संध्याकाळी ऊन भिंतीवर असताना त्याने आईला विचारलं. विचारायचं नव्हतं, पण मनातला गुंता कुठेतरी सोडवायला हवा होता.

"आई, आपलं खालचं घर नेमकं कुठे होतं?"

"असं काय विचारतोस? अंगणात उभं राहिलं की एका हाताला पूल, एका हाताला गिरणीची चिमणी."

"अंगणात फरशी होती?"

"होती ना. तुझ्या आत्याने आजोबांच्या मागे लागून बसवून घेतली होती. मातीचं अंगण झाडून समाधान व्हायचं नाही तिचं."

आत्या. मोजणीदाराला आत्या आठवत नव्हती, ते घर सुटलं तेव्हा तो आईच्या कडेवर होता. आत्या वडिलांची बहीण, नवरा गेल्यावर माहेरी आलेली. गाव उठलं तेव्हा ती कुठल्याशा नातेवाइकांकडे गेली आणि तिने पुन्हा तोंड दाखवलं नाही, एवढंच त्याला घरात सांगितलं गेलं होतं. वडील तर तिचा विषय निघाला की उठून जायचे.

"आत्या कुणाकडे गेली होती, आई?"

आई हातावरच्या शिरा चोळू लागली.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "तिला घर तसंच टाकून निघायचं नव्हतं. म्हणाली, दुसऱ्याच्या हाती द्यायचं घर झाडून द्यावं. सगळं झाडत झाडत गेली आणि शेवटी तळघरात उतरली. तुझे वडील सामानाच्या गाडीवर पुढे गेलेले. मी दारात, तू कडेवर रडतोयस. दोन माणसं आली. त्यांना घाई. एकाच्या हातात कुलपांची माळ. त्याने विचारलं, घर खाली आहे का?"

तिने पदर सारखा केला.

"मला वाटलं ते तिला विचारतायत. मी म्हटलं, हो, खाली आहे."

खाली हा शब्द मोठा लबाड. घर रिकामं असलं तरी खाली, आणि माणूस तळघरात असलं तरी खालीच. तिने एक सांगितलं, त्याने दुसरं ऐकलं, आणि दोघंही खरं बोलत होते.

"त्याने कुलूप घातलं?"

"मी म्हणत होते, अहो थांबा. तू रडत होतास, गाड्यांचा आवाज. मला हाताला धरून गाडीत बसवलं. मला वाटलं, मागचं दार आहे. ती मागच्या दाराने येईल, दुसऱ्या गाडीत बसेल. वर आल्यावर जो तो म्हणाला, ती त्या दुसऱ्या गाडीत असेल. मग दुसऱ्या गाडीतले म्हणाले, ती तुमच्यात असेल."

"वडील परत गेले नाहीत बघायला?"

"गेले ना. अर्ध्या गावात पाणी आलं होतं. आपलं कुलूप तसंच होतं. हाका मारल्या, ओ आली नाही. आत झाडल्यासारखं वाजत होतं म्हणाले. पाणी वाजत असेल, असंही म्हणाले."

मोजणीदाराने मनातल्या मनात सगळं मांडून पाहिलं. पाणी काही एका घटकेत चढत नाही, त्याला दिवस लागतात. मागचं दार होतं. खिडक्या होत्या. धडधाकट बाई ओरडते, दार बडवते, कौलं काढून बाहेर येते. म्हणजे ती आत नव्हती. ती गेली, कुठेतरी जगली, म्हातारी होऊन मेली. हे सरळ होतं. फक्त खिशात एक मोडलेली काडी होती आणि तिचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

"ती रागावली असेल का रे?" आईने विचारलं.

तो म्हणाला, "आई, चहा टाकू?"

५

शुक्रवारी सकाळी गाडी आईला न्यायला येणार होती. मोजणीदाराने आईला साडी नेसून तयार बसवलं, बायकोला दोनदा फोन करून गाडी निघाल्याची खात्री केली आणि शेवटची रेघ पुरी करायला जलाशयावर गेला. काम अर्धवट ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. खरं सांगायचं तर त्याला तो चौकोन पुन्हा एकदा पाहायचा होता आणि तो तिथे नसावा अशी त्याची इच्छा होती.

चौकोन होता. होडी त्यावरून गेली तेव्हा डाव्या कोपऱ्यात एक लहान उंचवटा दिसला. दगड असेल. होडी वळून परत आली तेव्हा उंचवटा मधोमध होता.

"बूच, तू रेघेवरच आहेस ना?"

"रेघेवरच आहे. डोळे मिटून चालवली तरी जाणार नाही रेघ सोडून."

तिसऱ्या फेरीला उंचवटा उजव्या कडेला होता. जिथे घराचं दार असेल तिथे. मोजणीदार पडद्याला नाक लावून बसला. बुचाने नांगर टाकून होडी तिथेच थांबवली. तेवढ्यात फोन वाजला. तो पडद्यावरची नजर न काढता बोलू लागला.

"काका, मी वसाहत खात्यातून." वरच्या गावातली घरं ताब्यात घेणारी तरुण अधिकारी बाई होती, पोरसवदा पण कामाला चोख. "तुमच्या दारात उभी आहे. मी हाका मारल्या, आतून कुणी ओ देत नाही. आजींना गाडी घेऊन गेली वाटतं. घर खाली आहे ना?"

उंचवटा हलला. होडी नांगरावर थांबलेली असताना, पडद्यावर, त्याच्या डोळ्यांदेखत तो दारातून आत गेला.

"हो," मोजणीदार म्हणाला. "खाली आहे."

"ठीक आहे काका. मग कुलूप घालते."

फोन बंद झाला. बूच त्याच्याकडे बघत होता. मोजणीदाराच्या कानात स्वतःचेच शब्द उशिरा पोहोचले. त्याने अधिकारी बाईला फोन फिरवला. लागेना. बायकोला लावला, तो लागला.

"अहो, गाडीचं चाक पंक्चर झालंय वाटेत," बायको म्हणाली. "आत्ताच ड्रायव्हरने कळवलं. आई वाट बघत असतील, तुम्ही जरा सांगा त्यांना."

"होडी काढ," मोजणीदार बुचाला म्हणाला. "घरी चल. काठाला लाव कुठेही, पण चल."

बुचाने नांगर ओढला. तो सहज वर आला नाही. खालून कुणी धरून ठेवल्यासारखा जरा अडला, मग सुटला.

६

घराला कुलूप होतं. अधिकारी बाई गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होती. मोजणीदाराला धावत येताना बघून तीही धावत आली.

"आई आत आहे," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती.

तिचा चेहरा पडला. "काका, मी तीन हाका मारल्या. दार वाजवलं. शप्पथ सांगते. आणि तुम्हीच म्हणालात..."

"मीच म्हणालो. किल्ली द्या."

आई खुर्चीवर बसली होती. समोर दुसरी खुर्ची होती आणि तिच्यावर आईने पाय वर घेऊन ठेवले होते. गुडघे न वाकणाऱ्या बाईने ते कसे उचलले कोण जाणे. ती घाबरलेली नव्हती. ती मुलाकडे पाहून म्हणाली, "आम्ही ओ दिली रे. दोघींनी दिली. पण झाडण्याच्या आवाजात ऐकू जातंय कुठे."

"कुणीच झाडत नाहीये, आई. चल."

तो तिला उठवायला वाकला आणि त्याला ते ऐकू आलं. खर्र, खर्र. लांब हाताने, सवयीने, न थांबता. आवाज जमिनीखालून येत होता. या घराला तळघर नव्हतं. हे घर बांधलं तेव्हा पाया खणताना वडील उभे होते आणि तळघर नको म्हणून त्यांनी निक्षून सांगितलं होतं. खाली खडक होता. मोजणीदाराने कान देऊन ठरवायचा प्रयत्न केला, की हा पाण्याचा आवाज आहे का, दुरून गाडी येते आहे का. आवाज पलंगाखालून पुढे आला. मग तो जमिनीखाली राहिला नाही.

दारातून ऊन आत पडलं होतं आणि उन्हाच्या पट्ट्यात धूळ दिसत होती. ती धूळ एका रेषेत गोळा होऊन सरकली. थांबली. पुन्हा सरकली. मोजणीदाराच्या पायाशी आली आणि तिथे थबकली.

"पाय," आई हळूच म्हणाली.

त्याने एक पाय उचलला, मग आईच्या खुर्चीला धरून दुसरा. धूळ त्याच्या खालून पुढे गेली. पावलांना गारवा लागला, ओल्या फरशीवरून येतो तसा.

बाहेरून अधिकारी बाईने विचारलं, "काका, आजी ठीक आहेत ना? आता घर खाली आहे ना? मला नोंद करायला लागेल."

प्रश्न साधा होता. सगळं आयुष्य तो मोजमाप करून उत्तरं देत आला होता. घरात एक आई, एक मुलगा, दोघं बाहेर पडले की घर खाली. आईने त्याची बाही धरली आणि त्याच्याकडे पाहिलं. ती पन्नास वर्षं याच एका प्रश्नासाठी दारात बसली होती, हे त्याला आता समजलं आणि तिच्यासाठी त्याचा जीव तुटला. पण त्याच्या मनात भीतीही होती. कुलपामागे राहिलेलं माणूस प्रेमापोटीच वर आलं असेल, असं कुणी सांगावं?

"नाही," तो म्हणाला. "अजून एक जण आहे."

"कोण?"

त्याने तोंड आत वळवलं. ही हाक कुणी कधी मारलीच नव्हती. वडिलांनी मारली ती कुलपाबाहेरून.

"आत्या," तो म्हणाला. "झालं झाडून. चला आता."

खर्र थांबलं. घर एकदम इतकं शांत झालं, की बाहेर अधिकारी बाईच्या हातातल्या किल्ल्या वाजलेल्या ऐकू आल्या. मग दाराच्या मागे काहीतरी टेकवून ठेवल्याचा आवाज झाला. मोजणीदाराने पाहिलं. तिथे झाडू उभा होता. जुन्या पद्धतीचा, सुतळीने बांधलेला, झिजून आखूड झालेला. तो घरातला नव्हता.

७

गाडी एकदाची आली. ड्रायव्हर माफी मागत होता, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मोजणीदाराने आईला मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसायला लागला.

"तू त्या बाजूने ये," आई म्हणाली आणि सरकून मधे जागा केली.

तो वळसा घालून दुसऱ्या दाराने बसला. मधली जागा मोकळी होती. त्याने दार लावल्यावर, सगळे बसून झाल्यावर, गाडी किंचित दबली. किती दबली हे त्याने अंदाजाने सांगितलं असतं, त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने अंदाज केला नाही.

खिडकीशी अधिकारी बाई वाकली. तिने मागच्या सीटवर नजर टाकली आणि जरा गोंधळून परत टाकली. "मग आता?" तिने विचारलं.

"खाली आहे," मोजणीदार म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावरही तो त्याच्याकडे कान लावून होता.

गाडी चढाला लागली. मागे जलाशय पसरलेला दिसत होता, दोन्ही पाय लांब करून, काही न घडल्यासारखा. बूच काठावर होडीत बसून होता. मोजणीदाराला वाटलं, पुढच्या मोजणीला त्या चौकोनात गाळ भरलेला असेल. मग वाटलं, नसला तर?

त्याने आईकडे पाहिलं. तिने मधल्या जागेवर हात ठेवला होता. तळहात वर, बोटं मिटलेली. तिचे डोळे बंद होते. तिला हायसं वाटतंय की दुखतंय ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. बोटं मात्र पांढरी पडली होती, कुणी हात घट्ट धरला की पडतात तशी.

"आई?"

आई काही बोलली नाही. तिचे ओठ मिटलेले होते.

"पाय वर घे, बाळ."

मोजणीदाराने पाय वर घेतले. खाली मात्र त्याने पाहिलं नाही.